कृष्णाबाईंचे वाटे

टोपलीवरचा चकचकीत कागद रीमाने पुन्हा सोडला. सफरचंदं काढून संत्री भरली. अक्रोड ठेवले, मग आईचे दात आठवले. अक्रोड गेले, खजूर आला. पूनम सागर सोसायटीतल्या तिच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून हेच चाललं होतं. टायफॉईडचा ताप कधीच उतरला होता, तरी डोंगरीच्या कोळीवाड्यात आई जेवायचं नाव घेत नव्हती. आज पोटात काही गेलं नाही तर उद्या पुन्हा सलाईन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

रिक्षातही तिचे हात स्वस्थ नव्हते. शाल वर हवी की बिस्किटं?

दारात धाकटा भाऊ धनेश बसलेला. "पेज तशीच हाय, ताई. भिंतीकडं तोंड करून पडते."

"शेजारच्या बायकांना आत सोडत नाहीस ना?"

"ताप आला तवा तूच सांगितलंस ना. कुणाला न्हाय सोडत."

रीमाने टोपली आईच्या खाटेवर ठेवली. कृष्णाबाईंनी एक डोळा उघडला.

"येवढं कुणाला?"

"तुला. सगळं तुझ्या एकटीला."

"एकटीला!" कृष्णाबाई पुन्हा भिंतीकडे वळल्या. "मच्छीबाजारात जल्म गेला माझा. एकटीनं कधी चहा तरी प्यायलेय काय?"

रीमाने संत्रं सोलून फोड पुढे केली. ओठ मिटलेलेच. दुसरी फोड तिच्या हातातून निसटून खाटेखाली गेली.

तेवढ्यात खिडकीत शेजारची आशा उगवली. "किसनाबाय, हायस ना गं? तुज्या पोरीनं तर दारात पोलीस बसवलाय!"

धनेश खिडकी लावायला उठला. रीमाने आईकडे पाहिलं. ती चक्क हसत होती.

"राहू दे, धनेश. दार उघड."

आशामागून आणखी दोघी आल्या. कृष्णाबाई उठून बसल्या, टोपली पुढ्यात ओढली आणि चादरीवर मासळीसारखे वाटे मांडू लागल्या. "हा आशाचा. हा इंदूचा. ए, हात न्हाय लावायचा! आधी मांडू दे."

"आन् शाल कुणाच्या वाट्याला?" आशाने विचारलं.

"शालीवर डोला न्हाय ठेवायचा. पोरीनं आणलीय मला."

तिघींचे वाटे झाले, तरी आणखी एक ढीग उरला.

"हा कुणाचा?" रीमाने विचारलं.

"मंग मी काय यांची तोंडं बघत बसू?" कृष्णाबाईंनी त्यातला खजूर तोंडात टाकला. चावता चावताच म्हणाल्या, "पेज गरम कर. आन् या बायांना चहा टाक."

रीमा लगबगीने उठली. गॅस काही पहिल्या काडीला पेटला नाही.