थंड इंजिनाची टिकटिक

गाडी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवायची आणि सकाळपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही, एवढी एकच अट मेकॅनिकने घातली होती. सकाळी आठ वाजता शटर वर करून तो आत गेला, तेव्हा ती गर्द निळी, जमिनीलगत बसलेली स्पोर्ट्‌स कार दोन जुन्या डिलिव्हरी व्हॅनच्या मध्ये काहीशी अवघडून उभी होती. त्याने बॉनेटवर तळहात ठेवला. पत्रा गार होता.

गाडी त्याच्या मेहुणीची. ती दातांची डॉक्टर. वय एक्केचाळीस, तरी सासरी-माहेरी सगळे तिला धाकटीच म्हणत. चार महिन्यांपूर्वी तिने ही गाडी वापरलेली घेतली होती. कंपनीची वॉरंटी तेव्हाच संपलेली होती, म्हणून घेण्याआधी ती भाऊजींना दाखवली गेली. भाऊजींनी ऐकली, चालवून पाहिली आणि ते "घे" म्हणाले. आता दोन आठवड्यांपासून इंजिनातून टिकटिक येत होती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने गाडी एक रात्र ठेवून घेतली आणि लेखी कळवले, की सहापैकी एका सिलिंडरची भिंत आतून खरवडली गेली असावी. संपूर्ण इंजिन बदलणे श्रेयस्कर.

त्या कागदावरचा 'असावी' हा शब्द मेकॅनिकने पुन्हा पुन्हा वाचला होता. सासुरवाडीत गेली अठरा वर्षे त्याच्या 'घे'वाचून कोणी वाहन घेतले नव्हते. सिलिंडरची भिंत काही एका दिवसात खरवडली जात नाही. सर्व्हिस सेंटर बरोबर असेल, तर त्याची सुरुवात चार महिन्यांपूर्वीच झालेली असणार आणि ती त्याच्या कानातून निसटलेली असणार. मग त्या 'घे'ला अर्थ काय राहिला, हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता; पण तो त्याच्यापुरता सुटल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हते.

धाकटी साडेआठला आली. तिच्या मागोमाग तिची थोरली बहीण, म्हणजे मेकॅनिकची बायको, काउंटरची किल्ली हातात घेऊन आली. गॅरेजची पावतीपुस्तके, फोन आणि सुटे भाग तिच्याकडे असत.

"सकाळचे पेशंट पुढे ढकललेत," धाकटी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत सेंटरला हो-नाही कळवायचंय. आणि भाऊजी, लपवू नका हं काही. मीही लोकांना तोंडावर सांगते, दात वाचणार नाही म्हणून."

"आधी ऐकू तर दे."

"माझे पेशंट बरे. कुठे दुखतंय ते सांगतात तरी."

"सांगतात आणि भलताच दात दाखवतात, असं तूच म्हणतेस."

"ते खरंय," धाकटी हसली. "खालचा किडलेला असतो आणि बोट वरच्यावर."

"इंजिनाचंही तेच. आवाज एकीकडून निघतो आणि पत्र्यातून फिरत फिरत दुसरीकडे ऐकू येतो. म्हणून नुसत्या कानावर विसंबायचं नाही." मग त्याने विचारले, "किती वेळ वाजते?"

"पाच-सहा मिनिटं. मग आपोआप गप्प."

"म्हणजे आपल्याला पाच-सहा मिनिटंच मिळणार. त्यानंतर ती गार होईपर्यंत काही बोलायची नाही."

त्याने हत्यारे क्रमाने मांडून ठेवली: लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर, हातभर रबरी नळी, टॉर्च. बायकोला त्याने घड्याळ धरून उभे केले. धाकटी आत बसली आणि तिने इंजिन सुरू केले.

पहिल्या क्षणी इंजिन गरजले, मग खाली आले, आणि त्या भारदस्त घरघरीच्या आत ती टिकटिक स्पष्ट उमटली. टणक, कोरडी, शिवणयंत्राच्या सुईसारखी एकसुरी. त्याने खूण केली तशी धाकटीने वेग वाढवला. टिकटिकही वाढली. इतका वेळ दडपलेले त्याचे मन त्या आवाजाभोवती एकदम जागे झाले. भीती मागे सरली नव्हती, पण तिच्यापुढे कुतूहल येऊन उभे राहिले होते.

प्रत्येक सिलिंडरला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलची जोडणी त्याने एकेक करून काढायला घेतली. पहिल्याची काढली, इंजिन लंगडले, टिकटिक तशीच. त्याने ती परत लावली. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा; फरक नाही. सहाव्याची काढताच टिकटिक नाहीशी झाली.

"सापडला ना?" धाकटी काचेतून ओरडली.

"घर सापडलं. माणूस नाही सापडला अजून."

"दोन मिनिटं झाली," बायको म्हणाली.

सहाव्याची जोडणी परत लावून त्याने स्क्रूड्रायव्हरचे टोक सहाव्या सिलिंडरच्या अंगावर टेकवले आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. धातू धातूवर आपटत असेल, तर तो ठोका दांड्यातून थेट हाडात येतो. त्याला इंधन फवारणाऱ्या नोझलची नेहमीची कुरकुर ऐकू आली. टिकटिक होती, पण दूर, भिंतीपलीकडच्यासारखी. त्याने दांडा खाली ठेवला आणि रबरी नळीचे एक टोक कानात धरले. रबर ठोके पोचवत नाही. त्यातून फक्त हवेचा आवाज येतो. दुसरे टोक तो इंजिनाच्या बाजूने मागे, केबिनच्या भिंतीकडे, धुराचे पाइप जिथे इंजिनाला जोडलेले असतात तिथवर सरकवत नेऊ लागला.

एका जागी ती टिकटिक इतकी धारदार झाली, की त्याने मान झटकन मागे घेतली.

"काय झालं हो?" बायकोने विचारले.

"ऐक तू."

तिने नळी कानाला लावली. "हे टिकटिक कुठलं? हे तर कोणी तोंडातून फुस-फुस करतंय."

"तेच."

पाचव्या मिनिटाला फुसफुस मंदावली आणि सातव्याच्या आत इंजिन पूर्ण शांत लयीत चालू लागले. त्याने ते बंद करायला सांगितले.

"खरवडलेली भिंत असती," तो हात पुसत सावकाश म्हणाला, "तर इंजिन तापल्यावर, तेल पातळ झाल्यावर ती जास्त वाजली असती. ही तापल्यावर गप्प बसते. म्हणजे कुठेतरी फट आहे. धातू तापून फुगतो आणि ती मिटते."

"मग सेंटरवाल्यांना हे कळलं नाही?"

"त्यांनी सकाळी सुरू केली, ऐकली आणि बंद केली असेल. या जातीच्या इंजिनांत भिंती खरवडतात हे त्यांना ठाऊक. ठाऊक असलेलंच माणूस आधी ऐकतो."

पाइपांना हात लावता येईपर्यंत तासभर थांबणे भाग होते. बायकोने चहा केला. व्हॅनच्या पायरीवर बसून धाकटी बोलत होती आणि मेकॅनिक कपाकडे पाहत होता. "दोन आठवड्यांपूर्वी नेमकं काय झालं?" त्याने विचारले. "खड्ड्यात आपटली? कुठे पाणी लागलं?"

"काहीच नाही. तेव्हा आमचं क्लिनिक नव्या इमारतीत गेलं, त्या गडबडीत गाडी धड बाहेरसुद्धा काढली नव्हती."

"उभी कुठे करतेस?"

"क्लिनिकच्या नव्या इमारतीच्या तळघरात. घराजवळची जागा उघडी आहे, मोठ्या रस्त्यालगत, म्हणून आता रात्रीही तळघरातच ठेवते. सकाळी चालत जाऊन घेऊन येते. डॉक्टर आहे, व्यायाम नको?"

"व्यायाम म्हणे. दोनशे पावलं," थोरली म्हणाली.

मेकॅनिक हसला नाही. उघड्या रस्त्यालगत जो आवाज रहदारीत विरून जाईल, तोच तळघराच्या उघड्या सिमेंटच्या भिंतींवरून उलटून येईल. दोन आठवड्यांपूर्वी टिकटिक सुरू झाली होती, की ऐकू येऊ लागली होती? हा विचार त्याने तसाच मनात ठेवला.

पाइपावरचे उष्णतारोधक झाकण काढल्यावर अडचण अशी आली, की सांध्याची मागची बाजू दिसेना. इंजिनाच्या आत डोकावायला त्याच्याकडे कॅमेऱ्याची वायर होती, पण ती सरळ पुढे पाहणारी. तिला वळून बघता येईना. त्याच्याजवळचा आरसा मनगटी घड्याळाएवढा, तो फटीत शिरेना. धाकटी वाकून पाहत होती. तिने पर्समधून एक पाकीट काढले, त्यातून लांब दांडीचा, नखाएवढा गोल आरसा काढला आणि बाही वर सरकवली.

"टॉर्च इकडून धरा. नाही, आरशावर मारा, भोकावर नाही. आता बघा."

आरशात धातूचा करडा सांधा दिसला. एका ठिकाणी त्यावर काळी, पंख्यासारखी पसरलेली काजळी होती. त्या काजळीच्या मुळाशी, जिथे बोल्टचे डोके असायला हवे, तिथे नुसते गोल भोक होते.

"एक दात गळालाय," धाकटी म्हणाली.

"मूळ आत आहे."

"काढायचं असेल तर मी घोड्याचं इंजेक्शन मागवते."

त्याने तुटक्या टोकावर एक नट वेल्ड केला, तापलेला असतानाच पाना लावला आणि श्वास रोखून सावकाश वळवला. पाऊण वेढा अडून बसलेला तुकडा नंतर सहज फिरत बाहेर आला. बायको दुकानातून नवे बोल्ट आणि सांध्यात बसवायचे गॅस्केट घेऊन आली होती. मेकॅनिकने तुकडा प्रकाशात धरला आणि बराच वेळ तो तसाच उभा राहिला. बोल्ट दोन आठवड्यांपूर्वीच तुटला असेल, तर तुटलेली बाजू ताजी, चमकती असायला हवी होती. ती गडद तपकिरी होती. तिच्यावर गंज नुसता चढलेला नव्हता. भाजून घट्ट बसला होता.

नवे बोल्ट बसवून झाले आणि संध्याकाळी साडेपाचला, गाडी पुन्हा गार झाल्यावर, धाकटीने इंजिन सुरू केले. ते गरजले, खाली आले, आणि त्यात टिकटिक नव्हती. तिघेही मिनिटभर नुसती ऐकत राहिली.

"सेंटरला फोन करते," धाकटी खाली उतरत म्हणाली. "म्हणावं, आमच्या भाऊजींनी चार महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, इंजिन ठणठणीत आहे."

"माझ्या माहेरी आता यांचा पुतळा उभारतील," बायको म्हणाली.

मेकॅनिकने एप्रनच्या खिशातून तुकडा काढून मेहुणीच्या हातावर ठेवला. "हे बघ जरा. दातावर असा डाग दिसला, तर किती जुना म्हणशील?"

तिने तो उलटापालटा केला. "जुना. वर्षभराचा तरी." मग तिची बोटे थांबली. "म्हणजे मी घेतली तेव्हाही..."

"वाजत असणार. तू रस्त्यावर ठेवायचीस, तुला ऐकू आलं नाही."

"आणि तुम्हाला?"

"विकणाऱ्याने ती चालवत आणली होती. बॉनेट गरम होतं. एरवी मी अशी गाडी परत पाठवतो. उद्या सकाळी गार आण म्हणतो. गरम इंजिनावर मी कोणालाच हो म्हणत नाही."

"मग त्या दिवशी?"

"आवडली," तो म्हणाला. "असं इंजिन आयुष्यात पहिल्यांदा हातात आलं होतं. मला ती चालवायची होती. उद्या म्हटलं असतं, तर उद्या तू आली असतीस की नाही, कोणास ठाऊक."

बायकोने काउंटरची कडा धरली. धाकटीने तुकडा बाकावर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण सकाळचा सैलपणाही नव्हता.

"म्हणजे तुम्ही हो म्हणालात, ते न बघताच," ती म्हणाली.

"अर्धवट बघून. आणि बोल्ट निघाला म्हणून भिंती चांगल्या आहेत, असंही होत नाही. त्या मी अजून बघितलेल्या नाहीत. तासभर थांबशील?"

तिने घड्याळ पाहिले आणि क्लिनिकला फोन करून उरलेले पेशंटही उद्यावर टाकले.

सहाही सिलिंडरचे स्पार्क प्लग निघाले. मेकॅनिकने कॅमेऱ्याची वायर पहिल्या भोकातून आत सोडली आणि पडदा स्वतःकडे न धरता धाकटीकडे वळवला. उजळलेल्या नळकांड्याच्या आत, भिंतीवर, बारीक तिरक्या रेघा एकमेकींना छेदत गेल्या होत्या.

"या खरवडलेल्या?"

"या कारखान्यातल्या. तेल धरून ठेवायला मुद्दाम मारतात. या पुसल्या गेल्या असत्या, तर काळजी. तू उभ्या रेघा शोध."

ती सावकाश बघत होती, तोंडातला एकेक दात तपासावा तशी. वायर थोडी फिरवायला सांगत होती, मागे घ्यायला सांगत होती. पहिला स्वच्छ. दुसरा, तिसरा, चौथा स्वच्छ. पाचव्यात ती थांबली.

"ही उभी आहे."

त्याने वाकून पाहिले. केसासारखी एक रेघ होती, बोटभर लांब. तिरक्या रेघा तिच्याखालून अखंड पुढे गेल्या होत्या. त्याने कॅमेरा दोनदा फिरवला, वेगळ्या कोनातून पाहिले, मग सहावाही दाखवला. सर्व्हिस सेंटरने ज्याच्यावर संशय धरला असता, तो सहावा अगदी स्वच्छ होता.

"मग?" धाकटीने विचारले. "सेंटरला काय कळवू? हो की नाही?"

बायकोही आता काउंटरच्या बाहेर आली होती. मेकॅनिकने पावतीपुस्तकातले कोरे पान पुढे ओढले आणि उभ्यानेच लिहिता लिहिता म्हणाला,

"पाचव्यात एक उभी रेघ आहे. वरवरची. बाकी पाच स्वच्छ. सहा महिन्यांनी पुन्हा बघायची, आणि गार असताना."

"भाऊजी, मी हो की नाही विचारलं."

"मी काय बघितलं ते लिहितोय," तो म्हणाला. "तूही बघितलंयस. खाली तुझीही सही कर."