निरोपाचं कार्ड

मीनलने चपला काढून दारातल्या कप्प्यात ठेवल्या आणि पाहुण्यांसाठीच्या सपाता पायांत सरकवल्या. त्या तिला नेहमीच बोटभर आखूड पडत. खांद्यावरच्या पिशवीत अर्ज होता. तो ऑफिसात दिला, की जुलैअखेर जाईचं नाव सिंगापूरच्या या जपानी शाळेतून निघणार होतं आणि चारुदत्तच्या बदलीपाठोपाठ तिघं पुण्याला जाणार होती. हे दहा वर्षांच्या जाईला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"सांगू की, घाई काय आहे," असं नवरा-बायको महिनाभर एकमेकांना म्हणत होती. खरं तर दोघंही भित्री. जाईचा जन्म नागोयाचा, बालवाडीही तिथलीच, म्हणून इथेही जपानी शाळा. पण इथली मुलं वडिलांच्या बदलीबरोबर येत आणि तशीच जात. मार्चमध्ये तिची मैत्रीण मिओ जपानला परत गेली, तेव्हा जाई चार दिवस धड जेवली नव्हती. म्हणूनच मीनलने वर्गशिक्षिका मोरिता बाईंना विनवलं होतं, की शेवटच्या आठवड्यापर्यंत तिला काही कळू देऊ नका.

जिन्याशीच जाई भेटली. सोबत नुकतीच ओसाकाहून आलेली कोहारू होती. तिला शाळा दाखवायचं काम आज जाईकडे होतं.

"आई, तूपण चल. ऑफिस काय पळून जात नाही."

जाईने आधी तरणतलाव दाखवला, जसं पोहता येईल तसा टोपीचा रंग कसा बदलतो ते सांगितलं. मग वाचनालय, संगीताची खोली, शेवटी वर्ग. खिडकीशी फरशी पुसायची फडकी वाळत होती. मुलींचं जपानी मीनलला बऱ्यापैकी समजत होतं.

"कोणी जाणार असलं, की एक चौकोनी कार्ड बाकाबाकावरून फिरतं," जाई सांगत होती. "मधोमध त्याचं नाव, भोवती सगळ्यांनी लिहायचं. नुसतं 'बरी राहा' लिहून सुटायचं नाही. मी अकरा कार्डांवर लिहिलं, प्रत्येकाला वेगळं."

मीनलला ती अकरा कार्डं आठवली. क्लेमेंटी भागातल्या त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर जाई आधी कच्चं लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. कौतुकाने बघताना आपल्याला कधी वाईट कसं वाटलं नाही, याची तिला आज लाज वाटली.

बसची घंटा झाली. कोहारू कमरेत वाकून निघून गेली.

"जाई, तुला एक सांगायचं होतं."

"पुण्याचं?"



"कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही. सोमवारी कार्ड फिरत होतं. माझ्या पुढच्या बाकावरच्या हिरोतोकडून ते थेट मागच्या बाकावर गेलं. माझ्याकडे आलंच नाही. आणि आपण जाणार तर पुण्यालाच, हे ठाऊक होतं." जाई दोरीवरच्या फडक्याची टोकं जुळवत होती.

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

"चुकलंच माझं," मीनल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

जाईने मान हलवली, पण असू दे म्हणाली नाही. फडकं नीट झाल्यावरच ती वळली.

"मोरिता बाईंना विचार, कार्डावर जागा उरलीय का. मराठीत कोणीच लिहिलं नसणार. तू लिही."

"लिहीन."

"पण आधी घरी कच्चं लिहून बघ," जाई म्हणाली.