बिनखताचा वाफा

पेंढ्यातल्या नत्राचे आकडे यायला फार उशीर झाला. प्रयोगशाळेतलं यंत्र चार महिने नादुरुस्त होतं, आणि तोवर भात संशोधन केंद्रातल्या तिने अहवाल लिहून टाकला होता. दोन हंगाम, तुलनेसाठी मुद्दाम खत न देता ठेवलेल्या वाफ्यातलं भात पूर्ण मात्रेच्या वाफ्याइतकंच उतरलं होतं. तेव्हा युरियाचा दुसरा हप्ता वगळावा, खर्च वाचतो, उत्पन्न घटत नाही. शिफारस छापून गेली. सगळ्यांत आधी ती पाळली तिच्या मोठ्या भावाने.

आज यंत्र चालू झालं. बिनखताच्या वाफ्यातल्या दाण्यात आणि पेंढ्यात मिळून जेवढा नत्र निघाला, तेवढा त्या मातीत मुळी नव्हताच. तिने नमुना पुन्हा लावला. आकडा जागचा हलला नाही.

वाफे सांभाळणाऱ्याला सगळे मामा म्हणत. तो बांधावर विळ्याला धार लावत बसला होता. तिने सरळच विचारलं, तेव्हा त्याने आधी विळा बाजूला ठेवला.

"खोटं कशाला बोलू, बाई. बाकीच्यांना भरपेट, आणि ह्यानंच काय घोडं मारलं होतं? रस्त्यावरून जाणारे मला म्हणायचे, सावत्र लेकरू वाढवतोस काय. पोत्याच्या तळाशी उरायचं ते टाकायचो."

"किती?"

"ओंजळभर. दोनदा. तीनदा असेल." मग जरा दुखावून म्हणाला, "हिरवागार झाला, तेव्हा तुम्हीच खूश झालात की."

चार मीटर रुंद, पाच मीटर लांब वाफा. तिने उभ्याउभ्या हिशेब केला. त्या दोन-तीन ओंजळी म्हणजेच पूर्ण मात्रा होती.

ती तशीच भावाच्या शेतावर गेली. दुरून पीक बरं वाटत होतं. जवळ गेल्यावर खालची पानं टोकापासून पिवळी पडत आलेली दिसली. झाडाने त्यांच्यातला नत्र काढून वरच्या पानांना दिला होता. वारा आला की पिवळं वर यायचं, पुन्हा झाकलं जायचं.

दादा चेष्टेच्या सुरात म्हणाला, की साहेबीणबाई आज चपला न काढताच चिखलात उतरल्या. शेजाऱ्यांनी खताबद्दल विचारलं तेव्हा आपण छाती ठोकून काय सांगितलं, तेही त्याने ऐकवलं: माझ्या बहिणीने दोन हंगाम मोजून पाहिलंय. समोरच्या पाटापर्यंत सगळ्यांनी दुसरा हप्ता टाकला नव्हता.

तिने भाताचं एक ताट उपटलं आणि नखाने उभं चिरलं. आत बोटभर लोंबी तयार होती, पांढरी, ओली. दाणे किती धरायचे ते ठरून गेलं होतं.

"दादा, माझं चुकलं. त्या वाफ्याला खत मिळत होतं. मला माहीत नव्हतं."

तो हसला, मग तिच्या तोंडाकडे पाहून थांबला.

"आज टाकतो. पोती आहेत घरात."

"पानं हिरवी होतील."

"आणि लोंब्या?"

तिने उघडी लोंबी त्याच्यापुढे धरली. पाटापलीकडून कुणीतरी दादाला हाक मारली, बहीण आली आहे का विचारलं. दादाने तिकडे पाहिलं नाही. तिच्या हातातलं चिरलेलं ताट त्याने घेतलं आणि अंगठ्याच्या नखाने एकेक दाणा मोजू लागला.