बादली खाली ठेवा

काहीही सांडलं की त्यावर पाणी ओतायचं, हा सासूबाईंचा जन्माचा नेम. दूध असो, तेल असो, त्यांच्या घरात डाग दुसरा दिवस पाहत नसे. म्हणूनच गोदामात काहीतरी धप्पकन पडलं आणि पाठोपाठ नळ सुरू झाला, तेव्हा सुनेच्या काळजात धस्स झालं.

ती धावली. फवारणीच्या औषधाचा डबा आडवा पडला होता. उग्र वासाचं पांढरट औषध फरशीवरून मोरीकडे सरकत होतं आणि मोरी थेट विहिरीच्या बाजूला जात होती. सासूबाई भरलेली बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या बाह्या आणि पोटाजवळचे कपडे औषधानं ओलेचिंब.

"आई, बादली खाली ठेवा! बाहेर या!"

"अगं, आत्ता धुऊन टाकते. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"विहिरीला कळेल!"

आजवर तिनं त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. खिळ्यावरचे रबरी हातमोजे चढवून तिनं त्यांना मागच्या नळापाशी ओढत नेलं.

"कपडे काढा."

"इथं? उघड्यावर? काही लाजबीज आहे का?"

"जीव राहिला तर लाज राहील."

वाळत घातलेल्या चादरीचा आडोसा करून तिनं त्यांना साबणानं धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. सासूबाई आधी कुरकुरत होत्या. मग "डोकं गरगरतंय गं," म्हणाल्या आणि गप्प झाल्या. ती शांतता तिला वासापेक्षा भयंकर वाटली.

त्यांना चादरीत गुंडाळून ओट्यावर बसवलं आणि तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "पोटात काही देऊ नका, उलटी काढू नका. डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो घ्या आणि लगेच निघा." शेजारच्या काकांनी गाडी काढेपर्यंत तिनं नाकातोंडाला फडकं बांधलं, मोरीच्या तोंडाशी कोरड्या मातीचा बांध घातला, फोटो घेतला आणि गोदामाच्या दाराला कुलूप लावलं.

गाडीत सासूबाईंच्या कपाळावर घाम डवरला. लाळ गळू लागली. सुनेनं त्यांचा हात घट्ट धरला. रोज देवापुढे म्हणायच्या ओळी ओठांवर येईनात.

"आई, बोला ना. रागवा माझ्यावर."

काकांनी गाडीचा वेग वाढवला. दवाखान्याची पाटी दिसली तेव्हा सासूबाईंचे ओठ हलले. तिनं कान जवळ नेला.

"चांगली चादर होती," त्या पुटपुटल्या. "नासवलीस."

सुनेला तिथेच रडू फुटलं.