बातम्यांच्या आधी

वाटीतली आमसुले काळीभोर, ओलसर आणि निरपराध दिसत होती. परंतु ती आली कशी, या विचाराने प्रभाकरपंतांच्या हातातली पळी वरणातच थांबली. आमसुले संपल्याचे उभ्या सिल्वासा गावात कुणाला ठाऊक नव्हते. काल सायंकाळी त्यांनी ते केवळ उषेला सांगितले होते — आणि उषा मुंबईत, लेकीच्या बाळंतपणाला गेलेली.

वाटी घेऊन आलेल्या शेजारच्या मंगलावहिनींनी सहज खुलासा केला. "तुमचा तो बिनतारी फोन आमच्या रेडिओवर लागतो, गुरुजी. बातम्यांच्या आधी. गॅलरीत आलात की अगदी स्वच्छ ऐकू येता."

गॅलरीत... भांडी घासणाऱ्या तानूबाईच्या कानी संसारातल्या गोष्टी पडू नयेत, म्हणूनच तर ते जावयाने दिलेला फोन घेऊन, त्याची एरियलची कांडी पूर्ण उपसून, गॅलरीच्या टोकाशी उभे राहत. सरकारी क्वार्टर्सच्या भिंती अशा, की इकडे शिंकावे आणि तिकडून आशीर्वाद यावा; या यंत्राविषयी मात्र त्यांच्या मनात एक पूज्यभाव होता — ज्याला तारच नाही, त्याला कुणी कान कसा लावणार?

म्हणजे करपलेले वरण बाहेर गेले. नीळ अधिक पडून आकाशासारखे झालेले धोतरही गेले — तरीच परवा वहिनींचे रघुनाथराव जिन्यात त्या धोतराकडे पाहून इतक्या आदराने हसले! तेही चालले असते. पण कालचे ते वाक्य... आमसुलांच्या पाठोपाठचे. तुझे जुने पातळ उशाशी घेतल्यावाचून डोळा लागत नाही, असे ते बोलून गेले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात समोरासमोर असे काही तोंडून निघाले नव्हते. चहा आणि किल्ल्या एवढ्यावर सारे भागले होते. विरह त्यांनी वर्गात जन्मभर समजावला, पण तो दुसऱ्यांचा... आणि पलीकडून उषा हळूच म्हणाली, "उद्याही सांगाल?"

"वहिनी, आमसुलांच्या नंतरचे..."

"नंतर मी रेडिओ बंद केला हो," मंगलावहिनी दाराकडे वळत म्हणाल्या. मग उंबऱ्यावर थांबून, "यांना तेवढं म्हटलं, शिका जरा काहीतरी."

त्या गेल्या, आणि फोन वाजू लागला.

आत तानूबाईने भांड्यांचा आवाज एकाएकी मंद केला. बाहेर गॅलरी, गॅलरीपलीकडे रेडिओ. फोन न उचलावा, तर मुंबईत उषा रिसीव्हर कानाशी धरून बसलेली — आज काय सांगतात, म्हणून. प्रभाकरपंत नकळत फोन घेऊन गॅलरीत आले. शेजारची खरखर अकस्मात थांबली... बंद केला? की नीट लावला?

त्यांनी कांडी उपसली, घसा साफ केला, निळसर धोतराचा सोगा सारखा केला.

"अगं, ऐकतेस ना?" ते म्हणाले — आणि लाजेची वाट पाहत क्षणभर थांबले. ती येईना. तिच्या जागी, भरल्या वर्गापुढे आवडीचा पाठ उघडताना व्हायची, तसली एक प्रसन्न धडधड तेवढी उरात चालली होती.