लाल केंद्रक

पारोळ्याजवळच्या आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. वर्षभर तो कपाटात कुलपात, बाहेर येतो खंडेनवमीला आणि मग नववीच्या एका धड्यापुरता. मी सुकदेव, प्रयोगशाळेचा शिपाई. झेंडूचा हार, हळद-कुंकू, सगळं मीच करतो. यंत्र वापरलं नाही तरी पूजा चुकली नाही पाहिजे, असा आमचा शास्त्रावर विश्वास!

तीन वर्षांपूर्वी पूजेच्या घाईत वरचं भिंग काढून ठेवलं होतं, त्याच्या आतल्या बाजूला कुंकवाचा कण चिकटला. मला कळलं, पण पूजेचं कुंकू पुसायचं कसं? राहू दिलं. तेव्हापासून नववीच्या पोरांना कांद्याच्या पेशीत लाल केंद्रक दिसू लागलं. विज्ञानाचे हेमराज सर खूश. केंद्रक रंगवायची आयोडीनची बाटली सुकून गेली होती, तिचा खर्च वाचला. केंद्रक एकाच पेशीत का, असं कुणी विचारलं तर सर म्हणायचे, बाकीची लपलीत.

यंदा कामिनीने घोळ घातला. आमच्या गल्लीतल्या भागाबाईची नात, तोंडाने फटकळ. सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "सर, काचपट्टी सरकाडी, तरी ठिपका तठेच शे." म्हणजे काच हलली, तरी ठिपका जागचा हलत नाही.

सरांचा चेहरा उतरला, मग चढला. चाळीस पोरांत हिलाच का दिसत नाही, म्हणाले. वहीवर शून्य मारलं, आणि लाल केंद्रक काढून आणशील तेव्हाच आत ये, नाहीतर प्रात्यक्षिकाचे गुण हेच, असं सांगून दाराबाहेर उभं केलं. ती तीन दिवस उभी राहिली. वही कोरीच. रोज तिच्यासमोरून जाताना माझीच मान खाली जायची. चूक माझी आणि उन्हात पोरगी! चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी भिंग काढलं आणि कापडाने स्वच्छ पुसलं.

पुढच्या तासाला एकोणचाळीस जणांनी ओळीने डोळा लावला, आणि झाडून सगळ्यांनी लाल ठिपका काढला. मला हसावं की रडावं कळेना.

मग सरांनी स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तसंच वाकून म्हणाले, "सुकदेव, भिंगाचं कुंकू कोणी पुसलं?"

दारातली कामिनी सरांकडे बघतच राहिली. म्हणजे सरांना पहिल्यापासून माहीत होतं.

"मी पुसलं," मी म्हणालो.

"उद्या धुळ्याहून तपासणीला साहेब येताहेत. परत लाव."

"कुंकू संपलं, सर."

डबी माझ्या खिशात होती. मी स्टूल ओढलं आणि कामिनीला आत बोलावलं. तिने डोळा लावला, पेशींच्या नुसत्या भिंती काढल्या, आणि वही सरांपुढे ठेवली. सरांनी शून्य खोडलं नाही. त्याच्याआधी दोनचा आकडा लिहिला, वीसपैकी वीस झाले.

बाकीच्या एकोणचाळीस जणांनाही वीसच मिळाले, न दिसलेलं काढल्याबद्दल.