निजून बघितलेलं घर

शेळगावच्या चतुराबाईनं बारामतीतल्या एका ऑफिसात, भर दुपारी, फरशीवर आडवं होऊन आपलं घर पसंत केलं, हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही. बसू नये. सांगणारा आबा खोटारडा आहे हे बावड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मंडळी, आपल्या बावड्याचा रविंद्र तिथं हजर होता, आणि रविंद्र तर खोटं बोलत नाही ना? मग ऐका तर.

रविंद्र मेघना मॅडमच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. मॅडम इंदापूरच्या. वडील शाळामास्तर. पुण्यात शिकून आर्किटेक्ट झाल्या आणि बारामतीत मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावर माडी भाड्यानं घेऊन बसल्या. मॅडम पेन्सिलीनं घर सुचवायच्या, रविंद्र ते ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचा. हात असा, की त्यानं काढलेल्या दारातून वारा यायचा म्हणे. एखाद्या घरमालकानं मागाहून खिडकी सरकवली, की रविंद्र ब्लेड घ्यायचा, शाई अलगद खरवडायचा आणि पुन्हा रेघ मारायचा. एक खिडकी सरकली की चार कागद खरवडायचे. वरून बघितलेलं घर, समोरून बघितलेलं, बाजूनं बघितलेलं आणि मधोमध कापलेलं. त्याचा निम्मा पगार ह्या खरवडण्याचाच होता म्हणा ना.

अठ्ठ्याण्णव साली मॅडमनी कॉम्प्युटर घेतला. पेटी आली, पडदा आला, पण घरं काढायचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते ठरेना. पुण्याच्या दोन कंपन्या मागं लागल्या. दोघांची नावं इंग्रजी आणि अशी, की म्हणताना दाढ दुखावी. म्हणून ऑफिसात एकाला रेघवालं म्हणायचे आणि दुसऱ्याला भिंतवालं.

रेघवाल्याचा माणूस मानसिंग. गोड बोलणारा. "मॅडम, कागदावर जे करता तेच पडद्यावर. रेघ म्हणजे रेघ. नगरपालिकेला असाच नकाशा लागतो. ड्राफ्ट्समनला नवीन काही शिकायला नको. पेन ठेवलं, माउस धरला."

हे ऐकून रविंद्रनं त्याला चहा दिला आणि पंख्याचं तोंड त्याच्याकडं वळवलं.

भिंतवाल्याचा माणूस शंभूराज. टाय लावून आलेला. "मॅडम, आमच्याकडं रेघच नाही. भिंत घातली की भिंतच उभी राहते, जाडी-उंचीसकट. खिडकी बसवली की भोक पडतं. वरून, समोरून, कापून, सगळे नकाशे ते स्वतः काढतं. एकीकडं बदल केला की चारीकडं बदलतो." एवढ्यावर थांबावं की नाही? पण तोंडाला लगाम नव्हता. "खरं सांगू का, ड्राफ्ट्समनची गरजच राहत नाही."

रविंद्रनं त्याला मोडक्या पायाची खुर्ची दिली.

घरी गेल्यावर त्याला जेवण जाईना. आई आल्यागेल्याला सांगायची, "माझा रवी लोकांची घरं काढतो." आता काय सांगेल? रवीची जागा पेटीनं घेतली? भिंतवालं माडीवर चढलं की आपण जिना उतरायचा, हे त्याला दिसत होतं.

मॅडमना दोन्हींतलं एकच परवडणार होतं. त्यांनी मधला मार्ग काढला. शेळगावच्या सावळाराम आणि चतुराबाईच्या घराचं काम अडलं होतं. नकाशा पाठवला की परत येई. सावळारामला काहीही चालायचं, चतुराबाईला काहीच चालायचं नाही. मॅडम म्हणाल्या, "दोघांनीही हेच घर काढून दाखवा. चतुराबाई ज्याला हो म्हणतील ते सॉफ्टवेअर आपलं."

ठरल्या दिवशी नवराबायको आली. चतुराबाईच्या कडेवर करडू. शेळी मेल्यामुळं त्याला बाटलीनं दूध पाजायचं होतं, म्हणून तेही बरोबर.

"मला काय बी चालतंय," सावळारामनं दारातच सांगून टाकलं. "तिला इचारा."

"मला लई काय नगं," चतुराबाई म्हणाली. "निजल्या जागंवरनं मेंढरं दिसली पायजेत. बास."

त्याचं असं होतं. सासऱ्याच्या वेळी त्यांचा मोठा कळप. आठ महिने रानोमाळ. रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावायची आणि तिच्या कडेला भुईवर पडायचं. एक डोळा मिटलेला, एक मेंढरांवर. आता ऊस आला, घर आलं, मेंढरं मूठभर उरली. पण चतुराबाईचा तो डोळा काही मिटायला तयार नव्हता. नव्या घरात तिला झोप लागेल की नाही, एवढाच तिचा प्रश्न होता आणि कुठल्याच कागदावर त्याचं उत्तर नव्हतं.

मानसिंगनं पडद्यावर नकाशा आणला. काय रेघा! जणू वस्तऱ्यानं कापलेल्या.

चतुराबाई वाकली. "हे वांग्याचं वाफं हायती व्हय?"

"मावशी, ह्या खोल्या. ही तुमची झोपायची. हा बाहेर मेंढरांचा वाडा." त्यानं एकीतून दुसऱ्यात तांबडा बाण काढला. "ही तुमची नजर. सरळ पोचली!"

"मधी भित हाय की."

"ती खिडकी आहे, मावशी."

"खिडकी? मग भोक कुठाय?"

नकाशात खिडकी म्हणजे भिंतीतल्या बारीक समांतर रेघा. हे मानसिंगनं नाना परीनं समजावलं. चतुराबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तुला दिसतंय ना भोक? मग तू जा ऱ्हायला."



मग शंभूराज बसला. भिंती उभ्या राहिल्या. त्यांवर पत्रे, पुढं अंगण, अंगणात हिरवंगार गवत. एकेक देखावा उमटायला चहा पिऊन कप विसळण्याएवढा वेळ लागायचा, पण उमटला की डोळे फाटायचे. करडानं मान पुढं काढून पडद्यावरचं गवत चाटलं. त्या जागी पुढं कधी हिरवा रंग उमटला नाही. मॅडमना विचारा. घरात शिरायचं म्हणून चतुराबाईनं चपला काढल्या. स्वयंपाकघर आलं तशी ती खोकायला लागली.

"काय झालं?" मॅडम घाबरल्या.

"धूर कोंडलाय. चुलीवर खिडकी ठिवली न्हाय ह्येनं."

शंभूराजनं खिडकी बसवली. खोकला थांबला.

मग तो तिला झोपायच्या खोलीत घेऊन गेला, म्हणजे पडद्यावर. खिडकीतून वाडा साफ दिसत होता. शंभूराजनं टाय सैल केला. जिंकलाच होता तो.

"ही मी उभी ऱ्हाऊन बगती," चतुराबाई म्हणाली. "मी काय उभी निजू? घोडं हाय का मी?"

असं म्हणून तिनं करडू सावळारामकडं दिलं, पदर सावरला आणि भर ऑफिसात फरशीवर कुशीवर आडवी झाली. हात उशाला घेतला आणि खालून पडद्याकडं बघायला लागली.

मानसिंग खिदळला. मॅडमनी त्याच्याकडं बघितल्यावर गप्प झाला.

"मावशी, खाली झोपून चित्र बदलत नसतं," शंभूराज म्हणाला.

"मंग ही बी खोटंच." ती उठायला लागली. "चला, धनी. आपली जुनी खोपच बरी."

आता बघा, रविंद्रला एक गोष्ट दिसली होती. शंभूराजच्या मागं उभं राहून तो मघापासून सगळं टिपत होता. दुश्मनाची तलवार कशी फिरते ते बघावं ना माणसानं? पडद्याच्या कोपऱ्यात बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची लिहिली होती. साडेपाच फूट. तेवढा आकडा खाली आणायचा अवकाश. शंभूराजलाही तो ठाऊक असणार, पण हरायची वेळ आली की माणसाला आपल्या खिशातलं आठवत नाही.

रविंद्र गप्प राहिला असता तर? चतुराबाई दोन्हींना नाही म्हणून गेली असती. मॅडमनी मग नगरपालिकेला चालतं ते रेघवालं घेतलं असतं. जागा शाबूत. नुसतं गप्प बसायचं होतं. त्याहून सोपं काम जगात नाही.

त्यानं खाली बघितलं. चतुराबाई एका हातानं फरशी रेटत उठत होती आणि तिचं तोंड उतरलं होतं. रागानं नव्हे. वाडा बघून क्षणभर तिला खरंच वाटलं होतं की ह्या घरात झोप लागेल.

"डोळा खाली घ्या," रविंद्र म्हणाला.

"काय?" शंभूराज.

"तो साडेपाचाचा आकडा. तो माणूस उभा हाय. त्याला निजवा. मावशी, जरा पडून ऱ्हावा."

शंभूराजनं कपाळावर हात मारला आणि आकडा फूटभरावर आणला. पेटी घरघरली. चहा झाला, कप विसळले. चित्र उमटलं.

नुसती भिंत. खिडकी दूर वर, तिच्यात आभाळाचा तुकडा.

"बगा!" चतुराबाई जमिनीवरून ओरडली. "मी म्हनत न्हवते, भित हाय?"

मॅडम खाली बसल्या. चतुराबाईशेजारी डोकं टेकवून त्यांनीही बघितलं. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या. आतापर्यंतच्या प्रत्येक नकाशात खिडकी कमरेइतक्या उंचीवर होती.

"खिडकी खाली वडा," रविंद्र म्हणाला. "भुईपासनं वीतभर. आन् गज बसवा."

पुन्हा घरघर. आणि मंडळी, ह्या खेपेला खिडकीतून वाडा दिसला आणि वाड्यात मेंढरं. शंभूराज शपथेवर सांगतो की त्यानं मेंढरं घातलीच नव्हती. चतुराबाईनं बोट फिरवत मोजली.

"काळं कुठाय?"

तेवढ्यात पत्र्याच्या सावलीतून काळं मेंढरू बाहेर आलं. लंगडत.

"हां," ती म्हणाली आणि तिचा दुसरा डोळा मिटला. अशी घोरली, की खालच्या दुकानातल्या लोकांना वाटलं, वर मोटर जळाली.

शंभूराजनं कळ दाबली. चारही नकाशांत खिडकी खाली आलेली होती. ब्लेड नाही, शाई नाही. रविंद्र ते चार नकाशे बघत उभा राहिला. त्याचं दोन दिवसांचं काम तिथं चुटकीत झालं होतं.

"तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या. "कुठलं घ्यायचं?"

रविंद्रनं पडद्याकडं बोट केलं. "भिंतवालं घ्या, मॅडम."

"आणि तुम्ही?"

"मी बघीन कुठं तरी."

"कुठं तरी नको, इंदापुरात बघा," मॅडम म्हणाल्या. "तिथल्या दवाखान्याचं काम आलंय. सोमवारी जा, कॉटवर झोपा, आजाऱ्याला पडल्या पडल्या काय दिसतं ते येऊन सांगा. मग आपण दोघं ह्या पेटीला शिकवू."

"झोपायचं?" रविंद्रला वाटलं, थट्टाच आहे. "पगारी?"

"पगारी."

सावळाराम करडाला बाटली लावत म्हणाला, "मॅडम, असली नोकरी अजून एक असंल तर मला बी चालतंय."

तेव्हापासून रविंद्र सबंध तालुक्यात निजत हिंडतो. शाळेत बाकावर, मंगल कार्यालयात जेवणाच्या पंगतीत, बँकेत तिजोरीपाशी. चतुराबाईचं घर उभं राहिलं आणि ती तिथं अशी झोपते, की मेंढरंच तिच्यावर एक डोळा ठेवतात. आणि पेन? पेन त्यानं त्या दिवसापासून हातात धरलं नाही. शाई वाळून खडे झाली. ड्रॉइंग बोर्ड मॅडमनी पापड वाळवायला दिला. आता तर त्याच्या हाताला साधी सरळ रेघ म्हणून—

"आबा, थापा मारायच्या तरी किती!" ऐकणाऱ्यांतल्या तानूबाईनं मागून आवाज टाकला. "परवाच्याला रविंद्रनं माझ्या गोठ्याचा नकाशा हातानंच काढला की. माझ्या म्होरं. लाईट न्हवती. निजला मातर खरा, शेणात."